बोलिन्हांचा डबा

आगमनकाळाचा तिसरा रविवार मागे पडला की आमच्या बंगल्याच्या स्वयंपाकघरातून भाजलेल्या खोबऱ्याचा आणि वेलचीचा वास दरवळू लागतो, आणि गायनवृंदाच्या सरावास आलेल्या भगिनी एकमेकींकडे पाहून म्हणतात, "फादरांचा कारखाना सुरू झाला वाटतं!" त्यांचे हसणे आम्हांस मान्य आहे. पन्नाशी उलटलेला धर्मगुरू झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून पाटावर बसला आहे, समोरच्या परातीतून रव्या-खोबऱ्याचे गोळे वळतो आहे आणि प्रत्येक गोळ्यावर काट्याने दाबून उभ्या-आडव्या रेघा काढतो आहे, हे दृश्य गंभीर खचितच नव्हे. प्रवचनाची तयारी बाजूस ठेवून फादर हे काय करीत बसले आहेत, असेही कुणाच्या मनात येत असेल. आज त्याचा खुलासा करावयाचा आहे. तो करावयास आम्हांस थोडा उशीरच झाला आहे.

आमचे मूळ गाव वेंगुर्ले तालुक्यात. गोव्याची सीमा तिथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे नाताळचा फराळ आमच्याकडे गोव्याच्या वळणाचा. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल हे सर्व असेच. परंतु आमच्या घरी मान होता तो बोलिन्हांना. पोर्तुगीज भाषेत 'बोलो' म्हणजे केक, त्याचेच हे लाडिक, धाकटे रूप. पोर्तुगालमधील मठांत अंड्यांचे पिवळे बलक, साखर आणि बदाम यांच्या मिठाया करण्याची मोठी परंपरा होती. तीच हातोटी गोव्याच्या किनाऱ्यास लागली तेव्हा बदामाची जागा आमच्या नारळाने घेतली आणि सुगंधासाठी वेलची आली. श्रद्धा परक्या देशातून आली तरी तिला इथल्या मातीचा वास लागल्यावाचून ती घरची होत नाही, असे आम्ही एकदा प्रवचनात म्हटले होते. तेव्हा डोळ्यांपुढे बोलिन्हाच होत्या, हे मात्र श्रोत्यांस सांगितले नव्हते.

वसईच्या वाचकांना कुलकुल फणीवर दाबून कसे वळतात हे सांगावयास नको. बोलिन्हाची कृतीही तशीच दाबण्याची, परंतु तिच्या पिठाचा स्वभाव निराळा. अर्धा किलो रव्यास तितकीच साखर, दोन मध्यम नारळ, चार अंड्यांचे पिवळे बलक, दोन चमचे तूप, चमचाभर वेलचीपूड आणि चिमूटभर मीठ. नारळ खवताना करवंटीजवळचा काळपट भाग येऊ द्यावयाचा नाही. आणि खवल्यावर ते खोबरे पाट्यावर एकवार ओबडधोबड वाटून घ्यावयाचे. साखरेचा एकतारी पाक, त्यात खोबरे, मग रवा. दोन-चार मिनिटे ढवळून भांडे खाली उतरवावयाचे आणि सगळे पुरते निवल्यावर बलक घालावयाचे. गरम मिश्रणात ते घातले तर त्यांची भुर्जी होते. आई हे सारे रात्री करून ठेवी आणि भांड्यावर ओले फडके टाकून, त्यावर क्रूसाची खूण करून निजावयास जाई.

भट्टी आमच्या घरी नव्हती. तांब्याचा मोठा टोप, त्याच्या तळाशी वाळू, वर पत्र्याचे झाकण. खाली करवंट्यांचा विस्तव आणि झाकणावर सोडणांचे निखारे. वरचा विस्तव खालच्याहून किंचित अधिक हवा, नाहीतर बूड करपते आणि माथा पांढराच राहतो. आम्हां भावंडांकडे झाकणावरचे निखारे फुंकण्याचे काम असे. रेघा काढण्याचे काम मात्र आई कुणालाही देत नसे. त्यासाठी तिचा एक खास काटा होता. आमचे वडील बोटीवर खानसामा होते. त्यांनी कोणत्याशा बोटीवरून आणलेला तो काटा. त्याचा चौथा दात तुटलेला होता, म्हणून आमच्या बोलिन्हांवर तीनच रेघा उमटत. शेजारच्या घरांतून आलेल्या ताटांतील बोलिन्हांवर चार. नाताळच्या दिवशी क्रोशाच्या रुमालांनी झाकलेली ताटे या घरून त्या घरी, ख्रिस्ती घरांतून हिंदू घरांत फिरू लागत, तेव्हा कुणाचा जिन्नस कुठला हे आम्ही मुले रेघा मोजून ओळखीत असू.

पुढे आम्ही पुण्यास सेमिनरीत गेलो आणि नाताळ घरी साजरा करणे संपले. धर्मगुरूस नाताळ घरचा नसतोच; तो धर्मग्रामाचा असतो. आईने ते मुकाट्याने स्वीकारले आणि डबा पाठविण्यास आरंभ केला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आत जुन्या वर्तमानपत्राची घडी, वर सुतळीची गाठ. कधी गावच्या कुणाच्या हाती, कधी एस.टी.च्या पार्सलने तो आंबोलीचा घाट चढून वर येई. सेमिनरीत तो डबा सामायिक मेजावर ठेवावयाचा असे आणि तो पाच मिनिटांत रिकामा होई. आमचे एक वयस्क जर्मन अध्यापक त्यातील एक हाती घेऊन म्हणत, त्यांच्या देशीही नाताळास नळीतून दाबून बिस्किटे काढतात. फक्त नारळ नाही, त्यामुळे बिचाऱ्यांना लोण्यावरच भागवावे लागते!

इथवर सर्व ठीक होते. परंतु 1996 साली गुरुदीक्षा झाली आणि आमच्या अंगी एक नवे वारे संचारले. अनासक्ती हा सद्गुण आम्ही ग्रंथांतून शिकलो होतो. आता तो आचरून दाखविण्याची हौस आली. आईचा डबा आला की तो न उघडताच आम्ही कुणा गरजू घरी देऊन टाकू लागलो. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील दाविदाची कथा त्या वेळी आम्हांस फार प्रिय होती. दाविदास बेथलेहेमच्या विहिरीच्या पाण्याची तहान लागते. त्याचे तीन शूर पुरुष शत्रूची फळी फोडून ते पाणी घेऊन येतात आणि दाविद ते न पिता परमेश्वरापुढे ओततो. आम्ही स्वतःस दाविद समजत होतो. त्या तिघांना काय वाटले असेल, हा प्रश्न त्या काळी आमच्या मनास शिवला नाही.

नाताळनंतर आईशी दूरध्वनीवर बोलणे होई, तेव्हा तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "पुता, बोलिन्यां कशी झाली?" आणि आमचे उत्तरही ठरलेले. "बरी झाली गे आई." खोटे बोलणे हे पाप आहे, असे आम्ही पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात लहान मुलांना शिकवितो. तरी हे खोटे आम्ही सतरा-अठरा वर्षे बोलत आलो आणि एकदाही त्याची कबुली दिली नाही. कारण ते पाप आहे असे आम्हांस वाटलेच नव्हते. आईचे मन राखले, गरिबाचे मुख गोड केले, आपली जीभ जिंकली, असा तिहेरी लाभाचा हिशेब आम्ही मनाशी मांडून ठेवला होता.

2013 चा नाताळ. आम्ही तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील एका धर्मग्रामात होतो. वडील वारून बरीच वर्षे झाली होती. थोरले बंधू कुटुंबासह आखातात. आई गावी एकटी. आपले गुडघे आता साथ देत नाहीत, तेव्हा यंदा एकाच डब्यापुरते करते, असे तिने आधी कळविले होते. तो एकच डबा आम्हांस आला. चर्चची घंटा वाजविणारे आणि वेदीची तयारी करणारे आमचे सेवक दाराशीच उभे होते. आम्ही सुतळीसुद्धा न सोडता डबा त्यांच्या हाती दिला. त्यांच्या घरी तीन मुले होती.

त्या वर्षी दूरध्वनीवर आईने नेहमीपेक्षा अधिक विचारले. "पुता, तू स्वतः खाल्लंस मां? माका आता चाखूक गावत नाय." मधुमेहामुळे तिचे गोड बंद झाले होते. स्वतः केलेले तिला चाखता येत नव्हते. तिच्यासाठी चाखणारी जीभ आमची होती. आम्ही म्हणालो, "खाल्लंय गे. बरी झाली." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग "बरां" म्हणाली. तेवढ्याने तिचे समाधान झाले, असे आम्ही धरून चाललो.

2015 च्या पावसाळ्यात एके दिवशी आई घराबाहेर पडली, ती परतली नाही. तिन्हीसांजेस बंदरावर मासे विकणाऱ्या बायांना ती सापडली. आपले घर कोणते हे तिला सांगता येईना. वडिलांच्या बोटीची वाट पाहते आहे, एवढेच ती म्हणत होती. बंधू धावत आले, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले आणि हे काल-परवाचे नाही, दोन-एक वर्षे तरी चालले असावे, असे सांगितले. कुणाच्या काही ध्यानात आले नाही का, असे त्यांनी सहजच विचारले. बंधू दूर होते. आम्ही म्हणालो, नाही.

पुढच्या रविवारी आम्ही मिस्सेनंतर लोकांना आईसाठी प्रार्थना करण्याची विनंती केली. चर्च रिकामे झाल्यावर सेवकांच्या पत्नी मागे राहिल्या. पदराशी चाळा करीत त्यांनी जे सांगितले ते असे. दोन नाताळांपूर्वीच्या त्या डब्यातील जिन्नस इतका खारट होता की पहिला घास मुलांनी थुंकून टाकला. दिसावयास सुरेख, रेघा अगदी साच्यातून काढल्यासारख्या; पण तोंडात निव्वळ मीठ. चिमूटभर मीठ घातल्याचे विसरून आईने ते पुनःपुन्हा घातले असले पाहिजे.

"मग टाकून का नाही दिलंत?" आम्ही विचारले.

"तुमच्या आईच्या हातचं हुतं की, फादर. टाकायचं कसं? दुधात गूळ घालून त्यात भिजवून खाल्लं. आठवडाभर पुरलं."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तुमच्या आईला नावं ठेवायची व्हय?"

आम्ही वेदीपुढच्या बाकावर बसलो. त्या माउलीने काही चूक केली नव्हती. तिने तो डबा खाल्ला होता आणि आम्ही तो न खाताच वाखाणला होता. आमच्या आईच्या आजाराची पहिली वार्ता तिच्याच हाताने लिहून, सुतळीने बांधून आमच्या दाराशी आली होती. एक बोलिन्हा तोंडात टाकली असती तरी ती वाचता आली असती. त्यामुळे रोग बरा झाला असता असे नाही. तो बरा होत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट केले होते. परंतु ते दीड वर्ष आई त्या घरात, चुलीपाशी आणि विहिरीपाशी, एकटी राहिली नसती. या गोष्टीची कबुली आम्ही रीतसर दिली आहे. परमेश्वराची क्षमा लाभली, यावर आमची श्रद्धा आहे. तरीही डिसेंबर आला की ते दीड वर्ष आम्ही मनाशी मोजत बसतो.

बंधूंनी आखातातील नोकरी सोडली आणि ते आईपाशी येऊन राहिले. 2016 च्या नाताळनंतर चार दिवसांची रजा काढून आम्ही गावी गेलो. आईने आम्हांस ओळखले नाही. अंगावरचा झगा पाहून तिने आम्हांस गावचे विगार मानले आणि उठून आमचा हात मस्तकी लावला. वहिनींनी आदल्या रात्री पीठ करून ठेवले होते. त्यांनी परात आईपुढे सरकविली आणि तो तीन दातांचा काटा तिच्या हाती दिला. काय सांगावे! जिला सकाळी दात घासण्याचा क्रम आठवत नव्हता, ती माउली गोळा उचली, तळहातावर फिरवी, किंचित चेपी, काटा कोरड्या पिठात बुडवी आणि दाबी. एक उभी ओळ, एक आडवी. एकही रेघ वाकडी नाही. माणसाचे मन विसरते तरी सवयीची कामे हातांत पुष्कळ काळ टिकून राहतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही ते त्या दिवशी पाहिले.

काम करता करता ती आम्हांस म्हणाली, "पाद्रीबाबा, माझो पूत पण पाद्री आसा. तेका ही धाडूची आसत."

आम्ही विचारले, "तेका आवडतत?"

"तो सांगता, बरी झाली," ती म्हणाली आणि पुढचा गोळा उचलला.

टोपातून निघालेली पहिली बोलिन्हा वहिनींनी बशीत घातली. आम्ही ती तिथेच, आईच्या समोर बसून खाल्ली. वीस वर्षांनी. बाहेरून खरपूस, आत ओलसर, दाताखाली खोबऱ्याची किंचित रवाळ चव. आईचे लक्ष आमच्याकडे नव्हते.

2018 साली, राखेच्या बुधवारानंतरच्या आठवड्यात आई देवाघरी गेली. त्या वर्षीचा नाताळ सुतकाचा. रीतीप्रमाणे घरी काही केले नाही, शेजाऱ्यांनी ताटे आणून दिली. काटा वहिनींनी आमच्या हाती ठेवला.

2019 च्या आगमनकाळात आम्ही पहिल्यांदा स्वतः हा उद्योग मांडला. आमची बदली तोवर सातारा जिल्ह्यात झाली होती. पहिला घाणा पूर्ण फसला. कारण एका उत्साही भगिनीने सुचविले, इतके गोळे वळत कशाला बसता, चकलीच्या सोऱ्यात घालून दाबा, चांदण्या पडतील. आम्ही मोहात पडलो. सोऱ्याच्या भोकांत खोबरे अडकून बसले आणि जोर लावताच पीठ वरूनच बाहेर येऊन आमच्या झग्यावर पडले. दुसऱ्या खेपेस हाताने वळले, काट्याने दाबले आणि परात डोक्यावर घेऊन गावातील बेकरीत गेलो. दिवाळीत नानखटाईसाठी घरोघरच्या बायका तिथे रांग लावतात. त्या दिवशी रांगेत आम्ही एकटेच. भट्टीतून पत्रा बाहेर आला तो सपाट भाकरीसारखा. सगळ्या बोलिन्हा पसरून एकमेकींस चिकटल्या होत्या, रेघांचा मागमूस नव्हता. बेकरीचे वृद्ध मालक पत्र्याकडे पाहून म्हणाले, "फादर, पीठ कधी मळलंत?" आम्ही म्हणालो, आज सकाळी. "मग रव्याला पाणी कधी प्यायला दिलंत? एक रात्र राहू द्या की त्याला."

ओल्या फडक्याखालची ती रात्र! आईला आम्ही शेकडो वेळा पीठ झाकून ठेवताना पाहिले होते. परंतु त्यावरचा क्रूस तेवढा आमच्या लक्षात राहिला होता, आणि झाकण्याचे कारण कधी विचारले नव्हते. रवा रात्रभरात पाकाचा ओलावा शोषून फुगतो, पीठ घट्ट होते, आणि मग दाबलेली रेघ भट्टीत टिकते. तिसरा घाणा आम्ही रात्री झाकला आणि सकाळी भाजला. आता बेकरीत न जाता छोट्या विजेच्या भट्टीत 180 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे भाजतो. सोडणांच्या निखाऱ्यांचा वास त्यास येत नाही, हे कबूल.

त्याच आठवड्यात तिसऱ्या घाण्यातील डबा भरून, सुतळी बांधून आम्ही एस.टी.ने सोलापूर जिल्ह्यातील त्या जुन्या धर्मग्रामात गेलो. सेवक आता थकले आहेत, घंटा त्यांचा मुलगा वाजवितो. त्यांच्या पत्नींनी चहा टाकला, डबा उघडला, चार बोलिन्हा ताटलीत काढल्या आणि ताटली आमच्यापुढे सरकवून हात जोडून बसल्या.

"आधी तुम्ही खावा, फादर."

आम्ही एक उचलली आणि पुरती खाल्ली. मग त्यांनी एक घेतली, अर्धी तोडून नातीच्या हातात दिली, उरलेली तोंडात टाकून बराच वेळ चघळत राहिल्या.

"हं," त्या म्हणाल्या, "आता गुळाचं दूध लागायचं न्हाई."